अख्खेपणाचा दाखला

मला आजवर कुणीही फसवलेलं नाही. ही बढाई नाही. व्लादिवोस्तोकच्या बंदरात एकतीस वर्षं वजनमापं तपासण्याची नोकरी केलेल्या माणसाला बढाईची गरज पडत नाही. मासळीबाजारात मी नुसता वळणावर दिसलो, तरी बायका आपण होऊन तराजूखालचा खडा काढून ठेवत. आमच्या नऊ मजली इमारतीत फ्रिज, दुर्बीण, मध, जावई, काहीही घ्यायचं झालं तरी लोक आधी मला दाखवत. दोन जावई मी नापास केले. त्यातल्या एकाचं पुढे बरं चाललं असं ऐकतो, पण तो त्याचा प्रश्न.

या नावावर मी सुखाने म्हातारपण काढणार होतो. आणि ऐन साठीत मला दोन दारांच्या, ठेंगण्या, निळ्या जपानी स्पोर्ट्स कारने पछाडलं.

का, ते विचारू नका. माझ्या बायकोने विचारून झालंय.

"आर्सेनी," क्लावा म्हणाली, "आपल्या दोघांचे मिळून गुडघे चार, त्यातले अडीच निकामी. त्या बशीत बसायचं कसं?"

"बसणं सोपं आहे," मी म्हणालो. "माणूस आपोआप पडतो आत. उतरण्याचं पुढे बघू."

गाडी ठरवणं काही अवघड नव्हतं. आमच्या गावात जपानी गाड्या बटाट्यांसारख्या मिळतात. समुद्रापलीकडे त्या जुन्या झाल्या की बोटीने इकडे येतात आणि टेकडीवरच्या बाजारात धुक्यात उभ्या राहतात. अवघड होतं ते वेगळंच. त्या वर्षी जुन्या अख्ख्या गाडीवरची जकात इतकी वाढली होती की गाडीपेक्षा जकातच घरी न्यावी. सुट्या भागांवर मात्र जुनाच दर होता. तेव्हा पलीकडची हुशार मंडळी गाडी मधोमध कापत, दोन तुकडे 'सुटे भाग' म्हणून बोटीत घालत, आणि इकडची हुशार मंडळी ते वेल्डिंगने जोडून, रंग मारून, 'अख्खी आहे' म्हणून विकत.

एका बोटीवरच्या आचाऱ्याची गाडी मला माहीत होती. तिचा पुढचा तुकडा एका बेटावरचा आणि मागचा दुसऱ्या बेटावरचा. थंडीत पुढचा चालू व्हायला तयार असायचा, मागच्याचा विरोध असायचा. उतारावर ब्रेक दाबला की आचारी थांबायचा आणि मागे बसलेली त्याची सासू पुढे निघून जायची, असं तो शपथेवर सांगे. मी ते सगळं धरत नाही. सासू थोडी तरी थांबली असेल.

आता सांगा, ज्याने गावाचे तराजू सरळ केले, त्याने अर्धी-अर्धी गाडी अख्खी म्हणून घरी आणली, तर त्या माणसाने कुठल्या तोंडाने जिना चढायचा?

तळमजल्यावरच्या प्रोखोर देम्यानोविचला हे बरोबर कळलं होतं. याने उभ्या जन्मात एकही गाडी घेतलेली नाही, त्यामुळे त्याला गाड्यांतलं सगळं कळतं. त्याने मला रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दिलं. (वडिलांच्या नावावरून इमारतीत मला लुकिच म्हणतात.)

"जिथे चिकटणार नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी भरलेली आहे," तो म्हणाला. "आणि विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघत बसू नकोस, लुकिच. बुटांकडे बघ. वेल्डिंगच्या ठिणग्यांची भोकं दिसली की परत फीर."

सात रविवार मी त्या टेकडीवर चुंबक फिरवलं. चौसष्ट गाड्या तपासल्या. तिसऱ्या रविवारपासून विक्रेते मला पाहून एकमेकांना शीळ घालू लागले, आणि पाचव्या रविवारी एकाने स्वतःच्या गाडीवर आधीच पन्नास-साठ चुंबकं लावून ठेवली, रंगीत, फ्रिजवर लावतात तसली. मी तीसुद्धा एकेक काढून खाली काय आहे ते पाहिलं.

सातव्या रविवारी ती दिसली. निळी, बसकी, जणू जमिनीला काहीतरी कानात सांगायला वाकलेली. शेजारी रोदिओन नावाचा धिप्पाड विक्रेता वाफवलेला, कोबी-मटण भरलेला पाव खात उभा होता.

"अख्खी आहे?" मी विचारलं.

"अख्खी."

"सगळे असंच म्हणतात."

"मग मी काय म्हणू, काका? पाऊण आहे?"

मी बुटांकडे पाहिलं. बूट कोरे करकरीत. माझ्या मनात पाल चुकचुकली. मग जुने कुठे गेले?

"किंमत कमी का?"

"महिनाभर उभी आहे. आणखी उभी राहिली तर समुद्राच्या वाऱ्याने गंजेल."

"म्हणजे गंजते."

"काका, या वाऱ्यात तुम्हीसुद्धा गंजाल."

मी बॉनेटवर चुंबक ठेवलं. ते सरळ घसरत खाली आलं आणि माझ्या पायावर पडलं. मी रोदिओनकडे पाहिलं. माझी ती नजर बंदरात प्रसिद्ध होती. तिच्यापुढे एका कप्तानाने न विचारता स्वतःचं खरं वय सांगितलं होतं.

"अ‍ॅल्युमिनियमचं आहे बॉनेट," रोदिओन पाव चावत म्हणाला. "स्पोर्ट्स कार आहे. वजन कमी ठेवतात."

"वजनाचं मला सांगू नका."

पुढच्या रविवारी मी क्लावाला घेऊन गेलो. मी स्वस्ताईवर संशय घेतो हे बघून रोदिओनने तेवढ्यात किंमत वाढवून ठेवली होती. आता ती जास्त वाटली, हेही संशयास्पदच. त्याने किल्ली फिरवली आणि आतून एक बाई जपानीत फार नम्रपणे काहीतरी बोलली.

"ही कोण?" क्लावाने विचारलं.

"सगळ्याच गाड्यांत असते, मावशी."

"काय म्हणते?"

"देव जाणे. पंधरा वर्षं ऐकतोय. घरात बायको अबोला धरते तेव्हा हिचाच आधार."

मी ते वाक्य आमच्या अक्षरांत उतरवून घेतलं आणि विद्यापीठातल्या जपानी शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "कार्ड घातलेलं नाही, असं ती सांगते आहे. रस्त्याच्या टोलचं कार्ड."

म्हणजे कार्ड होतं. म्हणजे कुणीतरी काढलं. जो माणूस कार्ड काढतो तो आणखी काय काय काढत असेल? बाईंनी मला चहा दिला, जाम दिला, आणि मी उठल्यावर दाराला आतून कडी लावून घेतल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

एव्हाना इमारतीला दुसरा विषय राहिला नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या फाईना इल्यिनिच्ना दातांच्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, "चुंबक वगैरे अडाणीपणा आहे. भरलेलं आणि मूळचं यांतला फरक मला आवाजावरून कळतो." नवव्या रविवारी त्या आपला इवलासा आरसा आणि टोचणी घेऊन बाजारात आल्या, गाडीखाली मेणकापड अंथरून उताण्या झोपल्या आणि ठकठक करू लागल्या. आजूबाजूला साठ-सत्तर माणसं जमली.

"हं," खालून आवाज आला. "वरच्या डावीकडे काहीतरी वेगळं लागतंय."

"कीड?" मी विचारलं.

"आत्ताच सांगता येणार नाही. फोटो काढावा लागेल."

"मावशी, माझाही जबडा बघता का, आलाच आहात तर?" रोदिओन म्हणाला.

त्यांनी आडव्या पडल्या-पडल्याच बघितला. "खालची दाढ काढायची वेळ झालीय. मंगळवारी या."

मंगळवारी तो खरोखर आला. दाढ काढून जाताना जिन्यात गालावर हात धरून मला म्हणाला, "काका, अख्खी आहे हो ती." माणूस दुखण्यात खोटं बोलत नाही असं लोक म्हणतात. मी मात्र दुखण्यात बोललेली कित्येक खोटी वजनं पकडलेली आहेत.

तिकडे लोकांनी मला मध दाखवणं थांबवलं. "आधी लुकिचचा निकाल लागू दे," असं म्हणायचे. प्रोखोरने तर वाळवलेल्या मासळीच्या पैजा लावून घेतल्या होत्या, आणि त्याची स्वतःची मासळी कुठल्या बाजूला होती ते त्याने मला सांगितलं नाही.

शेवटी मी सरकारचा रस्ता धरला. वाहतूक पोलिसांच्या नोंदणी कचेरीत सहा नंबरच्या खिडकीत झोया मात्वेयेव्हना नावाच्या निरीक्षक बाई बसत. मी म्हणालो, "मला नोंदणी नको. गाडी कापलेली नाही ना, तेवढं सांगा."

बाईंनी चष्मा काढला.

"इथे दिवसाला चाळीस माणसं येतात. चाळीसही शपथेवर सांगतात, कापलेली नाही. विचारायला आलेले तुम्ही पहिलेच. संशय का आला?"

"मला नेहमीच येतो."

"कामाला कुठे होता?"

मी सांगितलं.

"मग मलाही येतो," असं म्हणून त्यांनी माझ्या अर्जावर लाल शिक्का मारला. गाडी तज्ज्ञाकडे तपासायला जाणार. मात्र असा अर्ज फक्त मालकालाच करता येतो. आणि निकाल येईपर्यंत नंबर मिळणार नाही, म्हणजे चालवायची नाही.

थोडक्यात, गाडी घ्यावी की नाही हे कळण्यासाठी आधी गाडी घ्यावी लागणार होती. या नियमात काहीतरी चूक आहे असं तुम्हाला वाटेल. मी एकतीस वर्षं असेच नियम राबवलेत; मला तो आवडला.

गाडी घेतली. किल्ली देताना रोदिओन म्हणाला, "काका, तुमचं वय बघून सांगतो. तपासणी-बिपासणी सोडा. नोंदणी करा, मावशींना घेऊन समुद्राकाठी चक्कर मारा. चांगली गाडी आहे." त्याच्या आवाजात खरी माया होती. तेव्हाच माझी खात्री पटली की काहीतरी भयंकर दडलेलं आहे.

तज्ज्ञाचं नाव कुझमा तेरेंत्येविच. जुन्या गोदीतल्या एका शेडमध्ये त्यांची प्रयोगशाळा होती. मऊ आवाजाचे, नखं स्वच्छ ठेवणारे गृहस्थ. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खिशातलं छोटं यंत्र दोन-तीन ठिकाणी टेकवलं आणि फॉर्म पुढे केला. त्यात दोन चौकटी होत्या: 'बाह्य तपासणी' आणि 'संपूर्ण तपासणी'.

"बाह्य करू," ते म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं."

बहुतेक वेळा. पाहिलंत? अशा एकेका शब्दाच्या फटीतून मणामणाने धान्य गळताना मी पाहिलंय.

"संपूर्ण," मी म्हणालो.

"खरं तर गरज नाही. आत्ता वरवर बघूनसुद्धा मला वाटतंय की गाडी..."

"संपूर्ण." याला काम टाळायचं होतं, हे न कळण्याइतका मी दूधखुळा नव्हतो.

"बरं. पण मागच्या बाजूला पद्धत लिहिली आहे ती वाचून घ्या. लोक न वाचता सही करतात."

मी, आणि न वाचता सही? लग्नाच्या दिवशी आमची नोंद करणाऱ्या बाईंचं नेमणूकपत्र मागून घेतलं होतं मी. मी पान उलटलं आणि सावकाश, दोनदा वाचलं: 'वाहनाच्या सांगाड्यातील धातूच्या अंतर्गत सलगतेचे छेदात्मक अवलोकन करण्यास अर्जदाराची संमती आहे.' काय सांगू तुम्हाला. एका ओळीत इतकं भारदस्त सरकारी वाक्य मी निवृत्तीनंतर प्रथमच वाचत होतो. अंगावर रोमांच आले. सही केली, तारीख घातली, आणि एक स्वल्पविराम कमी होता तोही घालून दिला.

कुझमा तेरेंत्येविचनी सही पाहिली आणि त्यांचे डोळे चमकले.

"चार वर्षं झाली यंत्र येऊन," ते हळूच म्हणाले. "कुणीच मागितलं नाही. अजून कागदात गुंडाळलेलंच आहे."

दहा दिवसांनी निकाल. मी टाय बांधला. क्लावाने हिरवी टोपी घातली. शेडचं दार उघडलं तर आत गाडी होती. म्हणजे होती, पण दोन ठिकाणी होती. पुढची अर्धी उजवीकडच्या लाकडी ठोकळ्यांवर, मागची अर्धी डावीकडच्या, मधे माणूस आरामात जाईल एवढी वाट. दोन्हींना सुबक दोऱ्याने चिठ्ठ्या बांधलेल्या: 'भाग एक', 'भाग दोन'.

"अभिनंदन," कुझमा तेरेंत्येविच पुढे येत म्हणाले. "अखंड आहे. कुठेही जोड नाही. इतका निर्मळ छेद मी माझ्या नोकरीत पाहिला नव्हता. हात फिरवून बघा."

"तुम्ही कापलीत," मी म्हणालो.

"अर्थात. जोड घालणारे जिथे कापतात, बरोबर तिथेच. नाहीतर आत जोड आहे की नाही, कळणार कसं?"

मी स्टुलावर बसलो. आणि आता खरं सांगतो, हसू नका: सगळ्यांत आधी मला आनंद झाला. मला फसवलं नव्हतं. हा आनंद साधारण श्वासभर टिकला.

क्लावा दोन भागांच्या मधल्या वाटेने आत गेली, इकडे-तिकडे पाहिलं आणि मागच्या बाजूने, गुडघे न वाकवता, पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"इकडून बसायला फार सोयीचं आहे," ती म्हणाली.

दाखला मात्र नामी होता. जाड कागद, तीन शिक्के: 'सदर वाहन तपासणीस सादर करतेवेळी पूर्णतः एकसंध असून ते कधीही कापण्यात आलेले नाही.' तो दाखला घेऊन आणि गाडी ट्रॉलीवर लादून मी सहा नंबरच्या खिडकीपाशी गेलो. झोया मात्वेयेव्हनांनी दाखला वाचला, बाहेर येऊन ट्रॉली पाहिली, पुन्हा दाखला वाचला.

"कागद एकदम चोख आहे," त्या म्हणाल्या.

"पण गाडी?"

"गाडीचं काय? मी कागद नोंदवते. शिवाय नियमाने पाट्या दोनच असतात, पुढे एक आणि मागे एक. तुमच्याकडे एकही जास्त होत नाही." आणि दोन पाट्या खिडकीतून सरकवल्या.

जोडण्यासाठी रोदिओनकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने ट्रॉली पाहिली, टोपी काढली आणि काही वेळ लोक कबरीपाशी उभे राहतात तसा उभा राहिला.

"कापलेल्या गाड्यांना मी हात लावत नाही, काका. नाव जातं."

"तुझीच आहे."

"माझी अख्खी गेली होती." त्याने इंजिनावरचा नंबर पाहिला. मग कारच्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "कुणी केलं हे?"

"मी. सरकारमार्फत."

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "माझा भाऊ जोडतो. चांगला जोडतो. पण एक आहे, काका. उद्या कुणीतरी गालिचा उचलून बघणार, आणि म्हणणार, रोदिओनने म्हाताऱ्याला कापलेली गाडी विकली. मग या टेकडीवर माझ्याकडे कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. विचारलं कुणी तर खरं तेवढं सांगा."

मी शब्द दिला. शब्द देताना तो पाळायला किती वजनाचा पडेल हे मी तोलून पाहिलं नाही. माझी पहिलीच चूक.

भावाने सुरेख जोडली. एका शनिवारी दुपारी मी आणि क्लावा गाडी घेऊन इमारतीपाशी आलो. बाकावर सगळं मंडळ बसलेलं. फाईना इल्यिनिच्नांनी सूर्यफुलाच्या बिया सोलायच्या थांबवल्या. प्रोखोरने गाडीला दोन फेऱ्या घातल्या, दार उघडलं आणि सरळ गालिचा वर केला.

खाली, चांगला बोटभर रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत जोड होता.

"लुकिच," तो म्हणाला, आणि मला वाईट वाटलं ते त्याच्या आवाजात आनंद नव्हता म्हणून. "तुला फसवलं रे."

आता दोनच वाटा होत्या. 'हो, फसवलं' म्हटलं, तर चार दिवस लोक हळहळतील आणि रोदिओनला शिव्या देतील. एवढ्या मोठ्या बाजारात कोण फसत नाही? आणि खरं सांगितलं, तर या शहाण्याने अख्खी गाडी स्वतः हौसेने कापून घेतली, हे नवव्या मजल्यापर्यंत जाईल. माझ्या जिभेवर पहिलं वाक्य आलंही होतं. चांगलं, सोपं, दोन शब्दांचं वाक्य. मला तो टोपी काढून उभा राहिलेला धिप्पाड माणूस दिसला.

"फसवलं नाही," मी म्हणालो. "गाडी अख्खीच होती. मीच कापून घेतली. अख्खी आहे का ते बघायला."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. प्रोखोर माझ्याकडे बघत राहिला, आणि ती नजर मी ओळखली, कारण ती माझीच होती.

"असं सांगायला त्यानेच शिकवलं का तुला?" त्याने विचारलं.

मी दाखला काढला. फाईना इल्यिनिच्नांनी तो उजेडात धरला.

"तीन-तीन शिक्के," त्या म्हणाल्या. "फार मोठी टोळी दिसते."

"प्रयोगशाळेत जाऊन विचारा. यंत्र आहे तिथे. कुझमा तेरेंत्येविच म्हणून..."

"होतं असं, लुकिच," प्रोखोर माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाला. "वय होतं माणसाचं. आम्ही कुणाला सांगणार नाही." असं म्हणून तो हरलेली मासळी मोजून द्यायला आत गेला. त्याची पैज कुठल्या बाजूला होती ते तेव्हा कळलं.

मी उभा होतो तसाच उभा राहिलो. आयुष्यभर लोकांचं खरं मी खोटं म्हणून परत पाठवलं. आता माझं परत आलं होतं, न उघडता.

"आर्सेनी," क्लावा आतून म्हणाली. "बस की. मला पटतं."

"काय पटतं?"

"तूच कापून घेतलीस ते. चाळीस वर्षं बघतेय तुला. दुसऱ्या कुणाला हे सुचणार आहे?"

मी वाकून तिच्याकडे पाहिलं. ती मनापासून म्हणत होती की नुसती माझी समजूत घालत होती? विचारावं, एकदा उलटून, एकदा सुलटून, असं ओठांवर आलं. तिने हिरवी टोपी सरळ केली आणि समोर समुद्राकडे बघत बसली.

मी काही विचारलं नाही. आत पडलो, आणि गाडी चालू केली.